अमूर्त चित्राची प्रत: मूलमूर्ती आणि उत्सवमूर्ती

कलाकृती आणि तिची प्रत यांच्यातील संबंधाचा प्रश्न साहित्यसमीक्षेला फारसा छळत नाही. कादंबरीची दहावी आवृत्ती वाचणाऱ्याच्या पदरात पहिल्या आवृत्तीच्या वाचकापेक्षा काही कमी पडले, असे कोणी म्हणत नाही. कवीचे हस्तलिखित जळाले तरी कविता जळत नाही. चित्राची गोष्ट वेगळी आहे. चित्र म्हणजे एका विशिष्ट पृष्ठभागावर एका विशिष्ट हाताने बसविलेले रंगद्रव्य. ते एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. म्हणून ज्याला ते पाहता येत नाही त्याच्यासाठी प्रत निघते, आणि प्रत निघाली की तिच्यात मूळ चित्रातले किती उतरले हा वाद सुरू होतो. गेल्या पाव शतकात या वादाला एक नवे वळण लागले आहे. सुखवस्तू घरांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर अमूर्त चित्रांच्या छापील प्रती दिसू लागल्या आहेत, आणि ‘संग्रहालयाच्या दर्जाची प्रत’ हे विशेषण विक्रेत्यांच्या तोंडी चांगलेच रुळले आहे. या विशेषणाचा नेमका अर्थ काय, हा वरवर पाहता ग्राहकाचा प्रश्न आहे. वस्तुतः तो सौंदर्यशास्त्राचाही प्रश्न आहे. कारण अमूर्त चित्राची प्रत म्हणजे नेमकी कशाची प्रत, हे ठरल्याखेरीज तिचा दर्जा ठरविता येत नाही.

प्रतीचा विचार निघाला की पाश्चात्त्य मीमांसकांकडे वळण्याची रीत पडली आहे, आणि ती सर्वस्वी चुकीचीही नाही. वाल्टर बेन्यामिन याने १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, यांत्रिक प्रतिमुद्रणामुळे कलाकृतीभोवतीचे तिच्या एकमेवपणाचे तेजोवलय विरून जाते. आंद्रे मालरो याने १९४७ मध्ये नेमकी उलट बाजू मांडली: छायाचित्रांमुळे सर्व देशांची आणि सर्व काळांची कला एकत्र पाहता येईल असे एक भिंतींवाचूनचे संग्रहालय माणसाला लाभले आहे. एकाने हानी मोजली, दुसऱ्याने लाभ मोजला. परंतु मूळ आणि प्रत यांच्यापलीकडे तिसरी काही अवस्था असू शकते का, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला. त्या तिसऱ्या अवस्थेचा विचार कावेरीच्या खोऱ्यातील मंदिरांनी शतकानुशतके आचारातून केलेला आहे. त्यासाठी तिरुविडैमरुदूर हे एक गाव उदाहरणादाखल घेता येईल.

कुंभकोणमपासून मायिलाडुतुरैच्या वाटेवर सुमारे नऊ किलोमीटरांवर असलेले हे गाव मराठी वाचकाला अगदीच परके असण्याचे कारण नाही. तंजावरच्या गादीवरून १७९८ मध्ये दूर झाल्यावर अमरसिंह राजे याच गावी येऊन राहिले, आणि त्यांच्या परिवाराबरोबर तंजावरी मराठीचा एक लहानसा दरबार येथे नांदला. येथील महालिंगस्वामींच्या मंदिरात हातात दिवा घेऊन उभी असलेली एक धातूची स्त्रीमूर्ती आहे. राजकुलातील अम्मणू अम्मणी हिने लक्षदीपांच्या नवसानंतर १८५३ मध्ये ती अर्पण केली. दिवा धरणारी ती स्त्री म्हणजे ती स्वतःच. तथापि प्रस्तुत विवेचनाला या गावाचे महत्त्व मुख्यतः तेथील देवतेमुळे आहे.

मंदिराची मूलमूर्ती म्हणजे लिंग. त्याला मुख नाही, हात नाहीत, कथा सांगणारा एकही अवयव नाही. ते गर्भगृहात अचल आहे. समईच्या उजेडात ज्याला पाहायचे असेल त्याने तेथवर चालत गेले पाहिजे. परंतु वृद्ध, आजारी आणि दूरचे यांचे काय? तैप्पूसमच्या उत्सवात देव रथावर चढून लोकांकडे येतो, आणि येतो तो उत्सवमूर्तीच्या रूपाने. ही उत्सवमूर्ती लिंगाची धाकटी नक्कल नसते. ती पंचधातूची असते, तिला अवयव असतात, आणि शिवाच्या मंदिरांत तिचे रूढ रूप म्हणजे उमा आणि बाल स्कंद यांच्यासह बसलेला सोमास्कंद. जवळच असलेल्या स्वामिमलैचे स्थपती आजही अशा मूर्ती मेण वितळवून, साचा फोडून घडवितात. साचा एकदा फुटला की त्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. उत्सवमूर्तीचे द्रव्य वेगळे, रूप वेगळे, तिच्या घडणीची शिस्तही वेगळी. मात्र तिचा अधिकार मूलमूर्तीशी असलेल्या नात्यातून येतो, आणि उत्सव संपला की ती मंदिरातच परतते. मंदिराबाहेरच्या दुकानात मिळणारी देवाची तसबीर ही आणखी निराळी वस्तू आहे. भक्त या तिन्ही वस्तूंना हात जोडतो. परंतु एकीला दुसरी समजण्याची चूक तो करीत नाही.

दृष्टान्त फार ताणू नये हे खरे. छापील प्रतीची प्राणप्रतिष्ठा होत नाही आणि चित्रकार हा देव नव्हे. तरीही या व्यवस्थेतून एक कसोटी हाती येते. प्रतीने आपले द्रव्य लपवू नये. मुळाशी असलेले आपले नाते सिद्ध करावे. आणि पाहणाऱ्याला मुळाकडे परत न्यावे. अमूर्त चित्रांच्या बाबतीत ही कसोटी का आवश्यक ठरते, हे पाहण्यासाठी छापील चित्रांचा आपल्याकडील पूर्वेतिहास ध्यानात घ्यावा लागतो.

छापील चित्रे संग्रही ठेवण्याची हौस मराठी माणसाला नवी नाही. अमरसिंहांनंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयासाठी युरोपातून ग्रंथांबरोबर कोरीव छापचित्रेही आणविली. माणसांच्या आणि पशूंच्या मुखांतील साम्य दाखविणाऱ्या शार्ल ल ब्रँच्या आकृती त्या संग्रहात आहेत. पुढे १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली. १८९४ मध्ये रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरापासून दुकानापर्यंत सर्वत्र पोहोचल्या. तैलरंगाची झळाळी शिळाछापात मंदावली, चेहऱ्यांचे मार्दव कमी झाले. तरी त्या प्रती लोकांना पुरल्या. याचे कारण उघड आहे. लक्ष्मी कोण हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक होते. चित्रात जे उणे पडले ते त्याच्या स्मृतीने आणि श्रद्धेने भरून काढले. कित्येक घरांतून तर या छापील देवतांना जर आणि टिकल्या लावून सजविण्यात आले. प्रतीत हरवलेली झळाळी लोकांनी अशा रीतीने स्वतःच्या हाताने तिला परत दिली.

तंजावरी चित्राचे उदाहरण याहूनही बोलके आहे. लाकडी फळीवर कापड ताणून, खडू आणि सरस यांच्या लेपाने उठाव देऊन, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचमणी बसविलेले हे चित्र दिव्याच्या उजेडात पाहण्यासाठी घडविलेले असते. ज्योत हलली की सोने हलते. कागदावर छापताच ते सोने पिवळट तपकिरी होते आणि उठाव सपाट होतो. तरीही लोणी खाणारा बाळकृष्ण हा बाळकृष्णच राहतो. विषय वाचला म्हणून चित्र वाचल्यासारखे वाटते.

अमूर्त चित्रात मात्र हा आधार मुळातच नसतो. येथे मर्ढेकरांचा विचार साहाय्याला येतो. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात त्यांनी असा सिद्धांत मांडला की, सौंदर्य हे कलेच्या माध्यमातील संवेदनांच्या परस्परसंबंधांत, म्हणजे लयीत असते. आणि संवाद, विरोध व समतोल ही त्या लयीची तत्त्वे होत. साहित्याच्या बाबतीत हा सिद्धांत अडचणीत येतो, कारण शब्दाचा अर्थ संवेदनेच्या चौकटीत मावत नाही, असा आक्षेप त्याच्यावर घेण्यात आला, आणि त्यात तथ्य आहे. परंतु अमूर्त चित्राला तो जितका चपखल लागू पडतो तितका दुसऱ्या क्वचितच कशाला पडत असेल. ज्या चित्रात वस्तू नाही, कथा नाही, व्यक्ती नाही, त्यात रंगसंवेदनांच्या संबंधांवाचून दुसरे उरते काय? आणि तसे असेल तर पुढचा निष्कर्षही स्वीकारावा लागेल. प्रतीत एका रंगाची छटा बदलली की त्याच्या शेजारच्या प्रत्येक रंगाशी असलेला त्याचा संबंध बदलतो, विरोधाचा संवाद होतो, समतोल ढळतो. वास्तवदर्शी चित्राच्या प्रतीत रंग चुकला तर ती सदोष प्रत ठरते; अमूर्त चित्राच्या प्रतीत रंग चुकला तर ते दुसरेच चित्र ठरते.

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांवरून हे स्पष्ट व्हावे. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेल्या आणि २००१ मध्ये दिवंगत झालेल्या या चित्रकाराने आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्याऐवजी ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणणे पसंत केले, आणि बहुतेकांना नावही दिले नाही. रोलर आणि सुरी यांनी रंगाचा थर पसरणे, तो खरवडणे, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून रंग उचलणे, पुन्हा पातळ थर चढविणे अशी त्यांच्या प्रौढ काळातील कामाची पद्धत होती. वर्षभरात मोजकीच चित्रे पूर्ण होत. त्यामुळे त्यांच्या कॅनव्हासवर दिसणारा पिवळा किंवा करडा हा एक रंग नसतो. वरच्या थरातून खालचा थर झिरपत असतो, आणि पाहणारा दोन पावले सरकला की त्या रंगाची खोली बदलते. कितीतरी कॅनव्हास माणसाच्या उंचीला भिडणारे आहेत, आणि त्यांच्यासमोर उभे राहिले की चित्राच्या कडा नजरेच्या टोकाला जातात. आता याची दोन फुटांची प्रत विचारात घ्यावी. शाईचे सूक्ष्म थेंब एकाच पातळीवर शेजारी शेजारी बसतात. थरांची खोली जाऊन तिच्या जागी खोलीचे छायाचित्र येते. उंची आक्रसते आणि ज्या रंगात पाहणारा शिरत होता तो रंग भिंतीवरची एक चौकट होतो. येथे लक्ष्मीसारखे ओळखीचे काही नसल्यामुळे उणीव भरून काढण्यास स्मृतीही धावून येत नाही.

तथापि सर्व अमूर्त चित्रांना हा न्याय सारखाच लागू होतो असे समजणे चूक ठरेल. सय्यद हैदर रझा यांच्या उत्तरकालीन चित्रांत बिंदू, त्रिकोण आणि पट्टे यांच्या कडा निश्चित आहेत. अशी रचना सेरीग्राफीला, म्हणजे जाळीतून रंग दाबून छापण्याच्या पद्धतीला, पुष्कळशी मानवते, कारण तेथे प्रत्येक रंग स्वतंत्रपणे, रंग म्हणूनच कागदावर उतरतो. रझांच्या चित्रांच्या अशा प्रती निघाल्याही आहेत. याउलट अंबादास यांच्या चित्रांत रंगाचा प्रवाहच आकार घडवितो, आणि त्या प्रवाहाचा ओघ सपाट कागदावर थिजतो. जोसेफ आल्बर्स या चित्रकार-शिक्षकाने रंगांच्या परस्परपरिणामांवरील आपला ग्रंथ १९६३ मध्ये येल येथून प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील चित्रफलक सेरीग्राफीने छापून घेतले होते. रंगाविषयी जे सांगायचे ते रंगाच्याच द्रव्यातून दाखविले पाहिजे, ही जाणीव त्या खर्चिक उद्योगामागे होती. त्याची स्वस्त आवृत्ती १९७१ मध्ये निघाली. सारांश, कोणत्या अमूर्त चित्राची, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या आकारात प्रत काढली आहे, हे पाहिल्याखेरीज प्रतीविषयी एकही सामान्य विधान करता येत नाही.

आता ‘संग्रहालयाच्या दर्जाची’ या विशेषणाकडे वळता येईल. आजच्या अशा बहुसंख्य प्रती ‘जिक्ले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाईफवारणीच्या पद्धतीने निघतात. कॅलिफोर्नियातील जॅक डुगान या मुद्रकाने १९९१ मध्ये हे नाव रूढ केले. चांगल्या प्रतीसाठी आम्लरहित सुती कागद आणि विरघळणाऱ्या रंगाऐवजी रंगकणांची शाई वापरतात. असा कागद लवकर पिवळा पडत नाही आणि अशी शाई लवकर उडत नाही. हा गुण लहान नाही. परंतु तो टिकाऊपणाचा गुण आहे, प्रामाण्याचा नाही. मुळापासून ढळलेला रंगही उत्तम कागदावर दीर्घकाळ टिकू शकतो. कागदाच्या आणि शाईच्या आयुष्यासाठी कसोट्या आहेत. ‘संग्रहालयाचा दर्जा’ या शब्दांना मात्र कायद्याने ठरवून दिलेली व्याख्या नाही. द्रव्याच्या आयुष्याविषयीचा हा शब्द ग्राहकाच्या मनात कलाकृतीच्या मोलाविषयीचा शब्द होऊन बसतो, आणि विक्रेत्याला हा गैरसमज दूर करण्याची घाई नसते.

प्रतींच्या क्रमांकांविषयीही असेच म्हणावे लागते. पन्नासांपैकी सातवी, असे पेन्सिलीने लिहिण्याची प्रथा मुद्राचित्रकारांची आहे. तांब्याचा पत्रा प्रत्येक दाबाबरोबर झिजतो. म्हणून तेथे प्रतींच्या संख्येला माध्यमाचीच मर्यादा पडते. शिवाय मुद्राचित्र हे मूळच असते. चित्रकाराने ते त्या माध्यमात कल्पिलेले असते. संगणकातील प्रतिमा झिजत नाही. तिच्या पन्नासच प्रती काढणे हा एक करार आहे, आणि करार पाळला जात असेल तर त्याविरुद्ध तक्रार असू नये. परंतु तैलचित्राच्या प्रतिमुद्रणावर घातलेला क्रमांक मुद्राचित्राच्या क्रमांकासारखा वाचला जाणे, ही विचाराची गफलत आहे. मुद्राचित्राचा मान प्रतिमुद्रणाला उसना मिळावा, यासाठीच पुष्कळदा तो क्रमांक तेथे असतो.

मुळाशी असलेले नाते सिद्ध करावे, असे जे वर म्हटले त्याला कायद्याचाही आधार आहे. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यानुसार चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे गायतोंड्यांच्या चित्रांवरील हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत अबाधित आहे. चित्र विकत घेणाऱ्याला सर्वसाधारणतः कॅनव्हासची मालकी मिळते, प्रती काढण्याचा अधिकार मिळत नाही. म्हणून परवानगीचा उल्लेख नसलेली सुंदर छपाईची प्रत ही मंदिराशी नाते नसलेल्या उत्सवमूर्तीसारखी आहे. घडण कितीही देखणी असली तरी ती कोणाची मूर्ती आहे हे सांगण्याचा तिला अधिकार नाही.

एवढे सर्व मान्य केल्यावर, अमूर्त चित्रांच्या प्रती घेऊच नयेत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो निष्कर्ष अन्याय्य ठरेल. गायतोंड्यांचे १९७९ चे एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३.७ कोटी रुपयांना गेले. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. जो चित्रकार नागपुरात जन्मला आणि मुंबईत शिकला, त्याच्या सर्व काळांतील चित्रे एकत्र पाहण्यासाठी मराठी रसिकाला अमेरिकेपर्यंत जावे लागावे, आणि त्यांपैकी कितीतरी पुन्हा खाजगी भिंतींआड जावीत, अशी ही परिस्थिती आहे. दिल्ली-मुंबईतील सार्वजनिक संग्रहांत त्यांची काही चित्रे आहेत. पण लातूरच्या किंवा अकोल्याच्या शाळेतील चित्रकलाशिक्षकाने काय करावे? त्याच्या दृष्टीने प्रत की मूळ, असा प्रश्नच नाही. प्रत की अंधार, एवढाच आहे. ज्याला मूळ सहज उपलब्ध आहे त्याने प्रतीचा तिरस्कार करणे हे रसिकतेचे लक्षण म्हणून मिरविले जाते. त्यात रसिकतेपेक्षा सोयीचा भाग अधिक असतो.

येथे साहित्यातील भाषांतराची आठवण होणे स्वाभाविक आहे. रशियन न जाणणाऱ्या पिढ्यांनी टॉलस्टॉय भाषांतरांतून वाचला आणि त्यांचे वाचन वाया गेले नाही. परंतु भाषांतराच्या मुखपृष्ठावर भाषांतरकाराचे नाव असते, आणि कशावरून भाषांतर केले हेही सांगितलेले असते. त्या कबुलीमुळेच वाचक सावध आणि निश्चिंत, असा दोन्ही राहतो. चित्राच्या प्रतीने अशी कबुली देण्याची प्रथा अद्याप पडलेली नाही. मूळ चित्राचे माध्यम आणि आकार, ते कोणत्या संग्रहात आहे ते ठिकाण, छपाईची पद्धत, कागद, रंग मुळासमोर ठेवून ताडून पाहिले की केवळ छायाचित्रावरून घेतले, परवानगी कोणाची, आणि मुद्रक कोण, एवढे प्रत्येक प्रतीच्या मागे छापलेले असावे. ललित कला अकादमीसारख्या चित्रांच्या रंगीत प्रती प्रसिद्ध करीत आलेल्या संस्थांनी हा पायंडा पाडला, तर ‘संग्रहालयाचा दर्जा’ या मोघम शब्दाची गरजच उरणार नाही.

समीक्षेलाही येथे काही कर्तव्य आहे. मराठीत अमूर्त चित्रकलेवर जे लेखन होते त्यातील बराच भाग प्रती पाहून झालेला असतो, आणि ते सांगितले जात नाही. परिणामी सपाट प्रतीत जे शिल्लक राहते तेवढेच, म्हणजे रचना, चिन्हे आणि आकार, समीक्षेत मोठे होते. पृष्ठभाग, थर आणि आकारमान यांच्याविषयी ती मुकी राहते, आणि ती उणीव ध्यान, शून्य, अनंत अशा शब्दांनी झाकली जाते. चित्रात नेमके काय दिसते हे न सांगता जे गूढ शब्द वापरले जातात, त्यांतील पुष्कळसे गूढ चित्राचे नसून छपाईचे असते. मूळ पाहिले की प्रत, हे समीक्षकाने नमूद करावे, एवढ्या साध्या नियमानेही या लेखनात पुष्कळ शुद्धी येईल.

प्रत घेणाऱ्याची जबाबदारीही याच दिशेने पाहता येते. तिरुविडैमरुदूरच्या मंदिरातील ती दीपधारिणी देवाची प्रतिमा नाही. ती पाहणाऱ्याची प्रतिमा आहे. तेथे सतत उभे राहणे जिला शक्य नव्हते, तिने आपल्या जागी धातूची एक अखंड उपस्थिती ठेवली. भिंतीवरची प्रत मूळ चित्राची जागा घेऊ शकत नाही. पण मूळ पाहण्याच्या संकल्पाची जागा ती घेऊ शकते. रोज तिच्याकडे पाहताना आपण काय पाहत नाही आहोत, हे ज्याला कळत राहते, त्याच्या घरी प्रत सार्थ झाली. तो जेव्हा कधी मूळ चित्रासमोर उभा राहील तेव्हा प्रतीने शिकविलेली रचना त्याला ओळखीची वाटेल, आणि प्रतीने न दिलेला रंग त्याला प्रथमच दिसेल.